तासाभराची नाटकं, एकट्याची नाटकं

पावसाळा लागला की महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या कट्ट्यांवर संहितेचा शोध सुरू होतो. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी तोंडावर आलेली असते, मुंबईत आयएनटीच्या स्पर्धेची तयारी चाललेली असते. गणपतीच्या आधी सोसायट्यांच्या मंडळांना अर्ध्या-पाऊण तासाचं, घरातल्या सगळ्यांनी बसून बघावं असं काहीतरी हवं असतं. दिवाळीच्या सुमारास परदेशातली महाराष्ट्र मंडळं हीच विचारणा करतात. आणि नाट्यशिक्षणाच्या प्रवेशचाचण्यांना निघालेली मुलंमुली वर्षभर तीन मिनिटांच्या स्वगताच्या मागे असतात. मागणी एवढी असूनही उत्तरं त्याच त्या सात-आठ नावांभोवती फिरतात. ज्यांनी मराठीत उत्तम छोटी नाटकं लिहिली, त्यांचं लेखन विचारणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून हा आढावा. यात मुख्यतः गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतलं लेखन आहे. काही नावं त्याहून जुनी आहेत, कारण त्यांच्यावाचून पुढचं कळत नाही. निवड माझी आहे आणि ती एका आग्रहातून केली आहे : छोटं नाटक स्पर्धेच्या चष्म्यातून न निवडता बोलण्याच्या कसावर निवडावं.

स्पर्धेचं ऋण आधी मान्य करायला हवं. मराठीत एकांकिका टिकली ती स्पर्धांमुळेच. महाराष्ट्रीय कलोपासकने 1963 मध्ये पुरुषोत्तम करंडक सुरू केला आणि भरत नाट्य मंदिरात आजही दरवर्षी 'आवाज कुणाचा'च्या आरोळ्यांनी छप्पर दणाणतं. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची सवाई 25 जानेवारीच्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटे संपते. वर्षभरात ठिकठिकाणी पहिल्या आलेल्या एकांकिकाच तिथे उतरतात. 2014 पासून लोकसत्ता लोकांकिकेमुळे जिल्ह्याजिल्ह्यांतली कॉलेजं या मांडवाखाली आली. व्यावसायिक रंगभूमीवर एकांकिकेला तिकीटबारी जवळपास नाही. स्पर्धा नसत्या तर हा प्रकार पुस्तकातच राहिला असता.

पण स्पर्धेनं एकांकिकेला जगवताना तिचा बांधाही ठरवून टाकला. पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला गदगदा हलवायचं, मध्ये समूहाच्या हालचाली, चढतं पार्श्वसंगीत, चार ब्लॅकआउट, आणि शेवटी सगळं उलटंपालटं करणारा धक्का. परीक्षकांसमोर एका दिवसात पाच-सहा प्रयोग होत असताना आपला लक्षात राहावा म्हणून मुलं हे करतात, त्यात त्यांचा दोष नाही. तरी परिणाम व्हायचा तो होतो. धक्का एकदा कळला की पुन्हा वाचावीशी वाटत नाही अशी कितीतरी बक्षीसपात्र लेखनं आपल्याकडे आहेत. 2022 मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी दर्जाच्या कारणावरून करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर पुष्कळ वाद झाला. निर्णय मला कठोर वाटला, पण त्यामागची काळजी खरी होती असंच मी आजही म्हणेन.

माझी कसोटी अगदी साधी आहे. संहिता हातात घ्यावी, दोघा-तिघांनी ट्यूबलाइटच्या उजेडात खुर्चीत बसून मोठ्यानं वाचावी. संगीत नाही, स्पॉट नाही, लेव्हल नाही. तरीही ऐकणाऱ्याचं लक्ष धरून ठेवते का? ठेवत असेल तर ती करावी.

या कसोटीला उतरणाऱ्यांत माझ्या मते पहिलं नाव महेश एलकुंचवारांच्या 'होळी'चं. 1969 ची ही एकांकिका. कॉलेज होळीची सुट्टी नाकारतं, हॉस्टेलमधली मुलं चिडतात आणि दिवस पुढे सरकतो तशी ती चीड आपसातल्याच एका दुबळ्या मुलावर, आनंदवर, येऊन कोसळते. त्या वेळी एलकुंचवार तिशीच्या आतले होते. 'सुलतान' 1967 मध्ये 'सत्यकथे'त आली होती आणि विजया मेहतांनी त्यांच्या एकांकिका रंगायनमधून रंगमंचावर आणल्या होत्या. पुढे 1984 मध्ये केतन मेहतांनी 'होळी'वर चित्रपट केला, त्यात आमीर खान अगदी सुरुवातीच्या भूमिकेत आहे. पण चित्रपट बाजूला ठेवून संहिता वाचावी. मुलांची चेष्टामस्करी कोणत्या वाक्याला छळात बदलली हे बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि हेच या लेखनाचं भयंकर सामर्थ्य आहे. कुणी खलनायक नाही. प्रत्येकाचं वाक्य त्याच्या जागी साधं, रोजच्या हॉस्टेलमधलं आहे. रॅगिंग, जमाव, एकमेकांच्या आडून धीट होणारी माणसं हे विषय आज जुने झालेले नाहीत, उलट मोबाइल हातात आल्यापासून ते जास्तच जवळ आले आहेत. मुलग्यांची मोठी टीम असलेल्या कॉलेजनं डोळे मिटून ही निवडावी. एकच विनंती : हिंसेचा प्रसंग स्लो मोशन आणि ढोलांवर न्यायचा मोह टाळावा. एलकुंचवारांनी तो शब्दांत पुरेसा लिहिला आहे.

तेंडुलकरांच्या एकांकिका आज कमी वाचल्या जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'रात्र आणि इतर एकांकिका', 'अजगर आणि गंधर्व', 'भेकड आणि इतर एकांकिका' हे संग्रह पन्नाशी-साठीच्या दशकांतले. 'शांतता! कोर्ट चालू आहे' आणि 'घाशीराम कोतवाल' यांच्या उजेडात ते झाकोळले गेले. खोलीतली माणसं, अर्धवट सुटलेली वाक्यं आणि बोलणाऱ्यानं न बोललेली गोष्ट यांवर तेंडुलकरांचा हात इथेच बसला. वाक्यामधल्या तीन टिंबांचं काय करायचं हे नवख्या नटाला शिकायचं असेल तर यासारखी तालीम नाही. सतीश आळेकरही एकांकिकेतूनच आले. बी. जे. मेडिकल कॉलेजात पूर्वी जीवरसायनशास्त्रात काम केलेल्या या लेखकाच्या 'झुलता पूल'सारख्या सुरुवातीच्या एकांकिका 'महानिर्वाण'च्या आधीच्या आहेत. ज्यांना वास्तवाचा काटेकोर आग्रह नको, भाषेचा खेळ हवा, त्यांनी त्या आणि 'मिकी आणि मेमसाहेब' शोधून वाचावं.

रत्नाकर मतकरींच्या एकांकिका मंडळांसाठी आणि हौशी संघांसाठी अजूनही सर्वांत सोयीच्या आहेत, कारण गोष्ट सांगण्याची त्यांची हातोटी फसत नाही. चं. प्र. देशपांडे यांचा रस्ता वेगळा. त्यांची पात्रं वाद घालतात, तर्क ताणतात आणि तर्क ताणता ताणता उघडी पडतात. ज्या संघात बोलण्यावर हुकमत असलेले दोन-तीन नट आहेत, त्यांच्यासाठी देशपांडे यांच्याइतका लाभदायक लेखक कमी सापडेल.

आता ज्या लेखनाबद्दल पुरेसं बोललं जात नाही ते. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' 1977 ची. तहानलेल्या माणसाला जातीमुळे पाणी नाकारलं जातं, एवढाच तिचा गाभा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा, आणि त्यानंतर पन्नास वर्षांनी एका लेखकाला हीच गोष्ट पुन्हा लिहावी लागली. ती लिहिताना गज्वींनी नेपथ्याची गरजच ठेवली नाही. मोकळी जागा, नटांचं शरीर आणि बोलणं एवढ्यावर ती उभी राहते. त्यामुळेच ती वस्त्यांत, शाळांच्या आवारात, सभांच्या आधी, कुठेही झाली आणि अनेक भाषांत गेली. नांदेडचे दत्ता भगत यांची 'आवर्त' हीही दलित रंगभूमीची महत्त्वाची एकांकिका. या दोन्ही संहिता बहुतेक कॉलेजांच्या यादीत नसतात. 'विषय जड आहे' असं कारण दिलं जातं. मला वाटतं, ज्या वयात माणूस आपण कोण हे ठरवत असतो त्या वयातच त्या कराव्यात.

ज्योती म्हापसेकर यांचं 'मुलगी झाली हो' 1983 चं, स्त्री मुक्ती संघटनेसाठी लिहिलेलं. गाणी, छोटे प्रसंग आणि थेट प्रेक्षकाशी बोलणं. मुलींच्या संघाला आजही सहज बसतं. एके काळी नाटकांच्या सूचीत 'स्त्रीपात्रविरहित' आणि 'पुरुषपात्रविरहित' अशी वर्गवारी असे. पुरुषपात्रविरहित नाटकांची गरज आजही तेवढीच आहे, कारण बहुतेक नाट्यमंडळांत मुली जास्त आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या भूमिका कमी.

याच ठिकाणी 'देवबाभळी'चं नाव घ्यायला हवं. नाशिकच्या प्राजक्त देशमुखची ही मूळची एकांकिका. तुकोबांची आवली आणि प्रत्यक्ष रुक्मिणी, दोनच पात्रं. आवलीच्या पायात रुतलेला काटा विठ्ठल काढतो, आणि तिच्या सेवेला रुक्मिणी लखूबाई होऊन येते. दोन बायका एकमेकींना आपापल्या नवऱ्याबद्दल सांगतात, आणि ते नवरे म्हणजे तुकाराम आणि पांडुरंग. ही कल्पना किती मोठी आहे हे प्रयोग बघताना हळूहळू उमगतं. 2017 च्या अखेरीस भद्रकाली प्रॉडक्शन्सनं तिचं 'संगीत देवबाभळी' केलं, लेखकाला 2020 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. दोन समर्थ अभिनेत्री असतील तर यातला एखादा प्रवेश घेऊन त्यावर महिनाभर काम करावं.

'देवबाभळी' मोठी झाली याचा आनंद आहे, पण त्यातून एक सवय दिसते. देवेंद्र पेमचं 'ऑल द बेस्ट' 1993 मध्ये व्यावसायिक रंगमंचावर आलं ते एकांकिकेतूनच. प्रताप फडची 'अनन्या' एकांकिका होती, मग दोन अंकी नाटक झालं, मग चित्रपट. यशस्वी एकांकिकेचं पुढे नाटक व्हायलाच हवं, असं आता लेखकापासून निर्मात्यापर्यंत सगळेच धरून चालतात. नाटक छापलं जातं, एकांकिका मागे राहते. पाऊण तासात जे घट्ट होतं ते दोन तासांत नेहमी तसंच राहतं असं नाही. लेखकांनी दोन्ही रूपं जपावीत असं मला फार वाटतं. कथाकाराला कुणी 'आता याची कादंबरी कधी?' असं विचारून भंडावत नाही.

जयंत पवारांचं मात्र मला याच संदर्भात कौतुक वाटतं. 'अधांतर'मुळे ते गिरणगावाचे नाटककार म्हणून ओळखले गेले, कथांसाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण 'दरवेशी', 'होड्या' या एकांकिका त्यांनी एकांकिका म्हणूनच लिहिल्या. 2021 मध्ये ते गेले. त्यांच्या लेखनातली मुंबई चाळीच्या आठवणींत रमत नाही. ती भाडं, नोकरी, भीती यांत अडकलेली आहे. शहरातल्या तरुण संघांनी त्यांच्याकडे वळावं.

त्यानंतरच्या पिढीत मनस्विनी लता रवींद्र, धर्मकीर्ती सुमंत, इरावती कर्णिक, आशुतोष पोतदार, हिमांशु स्मार्त ही नावं मी आवर्जून घेईन. यांतल्या काहींची गाजलेली नाटकं लांबीनं एकांकिका नाहीत. तरी त्यांतले दोन-तीन पात्रांचे प्रवेश सुटे करून करता येतात, आणि नटांच्या सरावासाठी असे प्रवेश फार उपयोगाचे असतात. मनस्विनीच्या 'सिगारेट्स'मधली तरुण माणसं आज कॉलेजात बोलतात तसं बोलतात, आणि ते लिहायला सर्वांत अवघड. पोतदारांच्या 'एफ-1/105'मध्ये घराच्या भिंतीला हिरवा रंग द्यायचा एवढंच निमित्त असतं, आणि त्या रंगाभोवती अख्खा समाज गोळा होतो. एवढ्या साध्या निमित्तावर नाटक उभं करण्याचं धाडस नव्या लेखकांनी इथून शिकावं.

एकट्यानं करायच्या नाटकांकडे येताना दिवाकरांपासून सुरुवात करणं भाग आहे. शंकर काशीनाथ गर्गे यांनी 1911 पासून नाट्यछटा लिहायला घेतल्या. ब्राउनिंगच्या कवितेतली नाट्यमय एकभाषितं वाचून त्यांना हा घाट सुचला, आणि पुढे मराठीत तो इतका रुजला की मूळ विसरलं गेलं. एक माणूस बोलतो, समोर कुणीतरी आहे, ते दिसत नाही, ऐकूही येत नाही. पण बोलणारा थांबतो, दचकतो, चिडतो, विषय बदलतो, त्यावरून समोरचा काय म्हणाला हे कळतं. दोन-तीन मिनिटांत एक घर, एक ढोंग, एक मरण उभं राहतं. पुण्यात नाट्यसंस्कार कला अकादमी दिवाकरांच्या नावानं मुलांसाठी नाट्यछटा स्पर्धा घेते, हे फार मोलाचं काम आहे. मात्र त्यामुळे नाट्यछटा म्हणजे लहान मुलांनी गोड आवाजात पाठ म्हणून दाखवायची गोष्ट, असा समज झाला आहे. 'पंत मेले - राव चढले' किंवा 'चिंगी महिन्याची झाली नाही तोच' मोठ्या, मुरलेल्या नटानं करून बघावी. समोर कोण ऐकतंय हे नक्की ठरवल्याशिवाय पहिलं वाक्यही नीट येत नाही.

समोर कोण आहे, हाच एकलनाट्याचा कळीचा प्रश्न. स्पर्धांमधली अनेक एकपात्री लेखनं इथे ढिली पडतात. पात्र भिंतीवरच्या फोटोशी बोलतं, फोनवर बोलतं, नाहीतर मानसोपचारतज्ज्ञासमोर बसून आपलं आयुष्य पहिल्यापासून सांगतं. श्रोता निव्वळ सोय म्हणून ठेवलेला असतो.

सुषमा देशपांडे यांचं 'व्हय मी सावित्रीबाई' 1989 पासून होत आहे. त्यात श्रोता म्हणजे समोर बसलेले आपणच. सावित्रीबाई आपल्याला आपली हकिकत सांगायला आल्या आहेत. त्यामुळे नाट्यगृह असो वा गावातलं पटांगण, प्रयोगाला जागा बदलावी लागत नाही. थोरांवरची एकपात्री नाटकं मराठीत ढिगानं आहेत, आणि बहुतेकांत जन्म ते मृत्यू अशी सनावळी चालते. इथे एक बाई घरातल्या गोष्टी सांगावी तसं बोलते. शेण अंगावर घेऊन शाळेत जाणं हा पराक्रम म्हणून येत नाही, रोजची गोष्ट म्हणून येतो, आणि म्हणून तो अंगावर येतो. ऐतिहासिक व्यक्तीवर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकानं हे आधी ऐकावं.

अतुल पेठे यांनी दि. बा. मोकाशींच्या 'आनंदओवरी' या कादंबरीवरून केलेलं नाटक किशोर कदमांनी एकट्यानं उभं केलं. तुकाराम नाहीसे झाले आहेत आणि धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधतो आहे. थोर माणसाऐवजी त्याच्या घरातला, मागे राहिलेला माणूस बोलायला लावला की किती वेगळं दिसतं, याचा हा उत्तम नमुना. 'देवबाभळी' आणि 'आनंदओवरी' लागोपाठ वाचाव्यात. एकाच घराच्या दोन खोल्या आहेत.

चेतन दातारची '1, माधवबाग' ही मला अलीकडच्या काळातली सर्वांत धीट एकलसंहिता वाटते. आपला मुलगा समलिंगी आहे हे कळलेली आई बोलते. दातार 2008 मध्ये अकाली गेला. मोना आंबेगावकरांनी पुढे या नाटकाचे पुष्कळ प्रयोग केले. लेखकानं बोलण्याचा हक्क मुलाला दिला नाही, आईला दिला, ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. प्रेक्षागृहातले पन्नाशीचे आईवडील ज्या जागी उभे आहेत तिथूनच ती सुरू होते. कुटुंबांसमोर, मंडळांसमोर करायला कचरू नये. वंदना खरे यांनी ईव्ह एन्सलरच्या स्वगतांवरून 2009 मध्ये आणलेलं 'योनीच्या मनीच्या गुजगोष्टी' हेही असंच धाडस. त्यातली सुटी स्वगतं वेगवेगळ्या वयाच्या स्त्रियांना वाटून घेता येतात, हा त्याचा मोठा फायदा.

एकट्यानं अनेक पात्रं करण्याची परंपरा वेगळी. पु. लं.च्या 'बटाट्याची चाळ'नं 1961 मध्ये तिला घराघरांत नेलं, आणि लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'नं मराठवाडी बोलीला मध्यभागी बसवलं. बावन्न पात्रं, एक नट, गिनेस बुकात नोंद. देशपांडे 2009 मध्ये गेले, नंतर संदीप पाठक यांनी ते चालवलं. यातून तरुणांनी फक्त आवाज बदलण्याची करामत उचलू नये. देशपांडे यांनी माणसं आतून ओळखलेली होती. याच वाटेवर अलीकडे जळगावच्या परिवर्तन संस्थेचं 'नली' आहे. श्रीकांत देशमुख यांच्या लेखनावरचं, हर्षल पाटील यांनी एकट्यानं केलेलं. पुण्या-मुंबईबाहेर कसं काम चाललं आहे हे बघायचं असेल तर इथे बघावं.

चाचणीसाठी स्वगत निवडणाऱ्यांना एक सांगणं. बेणारेबाईंचं आणि गणपतराव बेलवलकरांचं स्वगत थोर आहे, पण परीक्षकांनी ते इतक्यांदा ऐकलं आहे की तुमचा आवाज त्यांना ऐकू येणं कठीण. मुलग्यांनी 'महानिर्वाण'मधला भाऊराव बघावा. मेल्यानंतर स्वतःच्या मरणावर कीर्तन करणारा हा माणूस लयीची, विनोदाची आणि भीतीची एकदम परीक्षा घेतो. 'बेगम बर्वे'मधला बर्वे त्याहून अवघड : संगीत नाटकातल्या स्त्रीभूमिकांचं स्वप्न उराशी धरून उदबत्त्या विकणारा. दोघांनी मिळून काही करायचं असेल तर 'वाडा चिरेबंदी'मधला भास्कर आणि वहिनीचा दागिन्यांचा प्रवेश घ्यावा. आवाज न चढवता लोभ, थकवा आणि नवरा-बायकोमधलं प्रेम हे सगळं त्यात एकत्र आहे.

राहिली संहिता मिळवण्याची गोष्ट. नाटकं छापणारे प्रकाशक कमी झाले आहेत, आणि ताज्या एकांकिका बहुधा पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्यात कधी लेखकाचं नाव गळलेलं असतं, कधी शेवट बदललेला असतो. आयोजकांनी दरवर्षी अंतिम फेरीतल्या संहिता एका पुस्तकात छापाव्यात, ही माझी जुनी मागणी आहे. करंडकाच्या खर्चात ती सहज बसेल. दुसऱ्याची संहिता करताना लेखकाची लेखी परवानगी घ्यावी आणि ठरलेलं मानधन प्रयोगाच्या आधी पोचवावं. छोट्या नाटकाच्या लेखकाला त्याखेरीज जवळपास काहीच मिळत नाही. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे तेंडुलकर, मतकरी, दातार, पवार यांच्या वारसांना विचारायलाच हवं. दिवाकर 1931 मध्ये गेले. त्यांच्या 51 नाट्यछटा कुणालाही करता येतात, छापता येतात, ध्वनिमुद्रित करून मुलांना ऐकवता येतात. ज्यांच्याकडे पैसा नाही, जागा नाही, एकच नट आहे, त्यांनी 'महासर्प' काढावी आणि तालमीला लागावं.